पाच भाकरी आणि पंचवीस मुले
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

शास्त्रभाग : योहान ६:१-१४
जोडीने वाचावे : मार्क ६:३०-४४, मत्तय १८:१-५
पाठांतर : योहान ६:९



वार्षिक कार्यक्रमाचे दिवस जवळ आले की आपल्या पुष्कळ मंडळ्यांत एकच गडबड सुरू होते. कोणी जुन्या वहीतून एखादे नाटुकले शोधून काढतो. गाणी चित्रपटाच्या चालीवर बेततात, नाही तर मोबाईलवर वाजणाऱ्या तयार गाण्यावर मुलांकडून हातवारे करून घेतात. ज्या दोन-तीन मुलांचा आवाज चांगला त्यांना पुढे उभे करतात, बाकीची मागे. कार्यक्रम होतो, टाळ्या पडतात, खाऊ वाटला जातो. पुढच्या रविवारी मुलांना विचारावे की आपण जी गोष्ट केली तिच्यातून काय कळले, तर मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

यावर एक उपाय आहे. तो थोडा कष्टाचा आहे, पण खर्चाचा मुळीच नाही. शास्त्रातील एक गोष्ट घ्यावी आणि तिच्यावर मुलांकडूनच एक लहानशी संगीतिका रचवून घ्यावी. शब्द त्यांचे, चाली शक्य तितक्या त्यांच्या, कामे सर्वांना. ती कशी करावी, हे या लेखात योहानाच्या सहाव्या अध्यायातील गोष्ट उदाहरणादाखल घेऊन पाहू.

१. ही गोष्ट आपल्याला परकी नाही

'संगीतिका' म्हटले की ते काही तरी विलायती असे वाटते. तसे नाही. गाण्यातून कथा सांगणे हे मराठी माणसाच्या रक्तातच आहे. 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे जन्माने बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. म्हणजे मराठी संगीत नाटकाची एक मुळी आपल्या सीमाभागातच रुजलेली आहे. आपल्या मंडळीतही कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा साज ख्रिस्ताच्या कथेवर चढवला. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी त्याच मार्गाने भजने आणि कीर्तने रचली. आणि टिळकांना तर अवघा महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. पूर्वरंग, कथा, मध्येच पद, शेवटी सर्वांनी मिळून भजन : ही बांधणी लहान मुलांच्या संगीतिकेला अगदी चपखल बसते.

पश्चिमेकडची दोन उदाहरणेही शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहेत. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने नोहाच्या तारवावर एक संगीतिका रचली. तिचा पहिला प्रयोग १८ जून १९५८ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील ऑरफर्ड या गावच्या चर्चमध्ये झाला. ती रंगमंदिरासाठी नव्हतीच. चर्चमध्ये किंवा एखाद्या मोठ्या सभागृहात करण्यासाठी होती. तारवात शिरणारे पशुपक्षी म्हणजे शाळेतील मुले. पावसाचे पहिले थेंब वाजवायला त्याने काय वापरले? लहानमोठे चहाचे प्याले दोरीला टांगून त्यांवर हलके टोले मारले! उपासनेला बसलेल्या लोकांनीही मध्ये मध्ये गीते म्हणायची होती. म्हणजे पाहायला आलेले लोकही तारवात शिरलेच म्हणायचे.

दुसरे उदाहरण योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याचे. १ मार्च १९६८ रोजी लंडनच्या एका मुलांच्या शाळेत ही संगीतिका प्रथम सादर झाली तेव्हा ती फक्त पंधरा मिनिटांची होती. संगीत देणारे अँड्र्यू लॉइड वेबर १९ वर्षांचे होते आणि गीते लिहिणारे टिम राइस २३ वर्षांचे. पुढे ती वाढली आणि मोठमोठ्या रंगमंदिरांत गेली. पण तिचा आरंभ एका शाळेच्या सभागृहात पंधरा मिनिटांत झाला हे आपण विसरू नये. आपल्याला तेवढी पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

कोणी म्हणेल, मग हीच तयार संगीतिका का करू नये? एक तर अशा संगीतिका परवानगीशिवाय करता येत नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : तयार वस्तूत मुलाने आणलेले असे काही नसते.

२. माझ्याकडून झालेली एक चूक

पुढे जाण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. ती दिल्याशिवाय हा पाठ लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी नाताळचा कार्यक्रम बसवत होते. तिसरीतला एक मुलगा होता. मोठ्या उत्साहाने गायचा, सगळ्यांत मोठ्याने गायचा, आणि सूर मात्र एकही लागायचा नाही. कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. मी त्याला बाजूला घेतले आणि, माझ्या मते अगदी प्रेमाने, म्हटले, "बाळ, तू शेवटच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव. कोणाला कळायचं नाही." त्याने मान डोलावली. कार्यक्रम उत्तम झाला. पाळकसाहेबांनी माझे कौतुक केले.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. आमच्याच मंडळीत येतो. पंचकमिटीवर आहे, दशमांश देतो, कोणाच्या घरी दुःख झाले तर सर्वांच्या आधी पोचतो. पण उपासनेत गीत सुरू झाले की पुस्तक उघडून नुसता उभा राहतो. एकदा मी सहज म्हटले, "अरे, तूही म्हण की." तो हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, ओठ हलव म्हणून."

तो थट्टेने म्हणाला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. देवाची स्तुती गाण्यासाठी देवाने दिलेले एक तोंड मी एका कार्यक्रमाच्या टाळ्यांसाठी बंद केले होते. मी त्याची क्षमा मागितली. "काय बाई, एवढ्याशा गोष्टीचं," असे म्हणून त्याने विषय बदलला.

आता योहानाच्या सहाव्या अध्यायाकडे वळू. हजारो भुकेले लोक समोर आहेत. आंद्रिया एका मुलाला पुढे आणतो आणि लगेच म्हणतो की एवढ्यांना हे कसे पुरणार. आंद्रियाचा हिशेब चुकीचा नव्हता. माझाही नव्हता, तो मुलगा खरोखरच बेसूर होता. पण प्रभूने त्या मुलाला, "तुझी शिदोरी ठेव बाजूला, आम्ही नुसते वाटल्यासारखे करू," असे म्हटले नाही. त्याने ती हातात घेतली आणि तिच्याबद्दल उपकार मानले.

शब्बाथशाळेतील संगीतिकेचे सारे शास्त्र मला या एका कृतीत दिसते. मूल जे आणील ते घ्यावे, त्याबद्दल उपकार मानावेत, आणि ते सर्वांच्या उपयोगी पडेल असे करावे. खाली जे नियम दिले आहेत ते सगळे यातूनच निघाले आहेत.

३. आधी गोष्ट, मग गाणे

पहिल्या रविवारी फक्त गोष्ट वाचावी. कागद, पेन्सिल, पेटी, काही नको. चारही शुभवर्तमानांत ही गोष्ट आहे, पण मुलाचा उल्लेख एकट्या योहानाने केला आहे. हे मोठ्या मुलांना शोधून काढू द्यावे. भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या घरच्या, हे सांगावे. आपल्या मुलांना भाकरी म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही, हे केवढे भाग्य! फिलिप्पाने दोनशे दिनारांचा हिशेब केला. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी ठरलेली आहे. तेव्हा दोनशे दिनार म्हणजे दोनशे दिवसांची मजुरी. आज आपल्या गावात मजुराला रोज किती मिळतो, त्याला दोनशेने गुणा, असे चौथी-पाचवीच्या मुलांना सांगावे. उत्तर आले की त्यांचे डोळे विस्फारतात आणि फिलिप्प का घाबरला हे त्यांना कळते.

दुसऱ्या रविवारी मुलांना प्रश्न विचारू द्यावेत आणि ते फळ्यावर लिहावेत. आमच्या वर्गात आलेले काही प्रश्न असे होते : त्या मुलाचे नाव काय? त्याची आई रागावली का? मासळी शिजवलेली होती का? आणि दुसरीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, त्या मुलाला स्वतःला खायला मिळालं का?"

या शेवटच्या प्रश्नावर मी थांबले. इतकी वर्षे ही गोष्ट शिकवली, पण हे माझ्या मनात कधी आले नव्हते. आम्ही बारावे वचन पुन्हा वाचले. सगळे तृप्त झाले असे तेथे आहे. सगळ्यांत तोही आलाच. जो द्यायला पुढे आला तो उपाशी राहिला नाही. आमच्या संगीतिकेतले मुख्य गाणे त्या प्रश्नातून निघाले.

येथे एक सावधगिरी. मुलांची कल्पना धावू लागली की शास्त्राची वेस ओलांडली जाऊ शकते. म्हणून दोन नियम मुलांशीच बोलून ठरवावेत. जे लिहिले आहे ते बदलायचे नाही. जे लिहिलेले नाही तेथे कल्पना चालेल, पण ती लिहिलेल्याच्या विरुद्ध जाता कामा नये. उदाहरणार्थ, मुलाची आई शिदोरी बांधून देते हा प्रसंग शास्त्रात नाही. तो घातल्याने बिघडत नाही, मात्र "हे आपण कल्पिले आहे" असे मुलांना ठाऊक असावे. पण "सगळ्यांनीच लपवलेल्या भाकऱ्या बाहेर काढल्या" असे कोणी सुचवले, तर तेरावे वचन उघडावे. उरलेले तुकडे त्या पाच भाकरींचेच होते असे ते स्पष्ट सांगते.

४. गाणी कशी रचावीत

पाच गाणी पुष्कळ झाली. वाटेचे गाणे, भुकेचे गाणे, फिलिप्पाचा हिशेब, मुलाचे गाणे आणि टोपल्यांचे गाणे.

मुलांना "कविता करा" असे सांगू नये. ती घाबरतात, नाही तर यमक जुळवण्याच्या नादात अर्थ सोडतात. साधा प्रश्न विचारावा. "तुम्हाला खूप भूक लागली की तुम्ही आईला काय म्हणता?" मग धडाधड उत्तरे येतात. ती जशीच्या तशी लिहून घ्यावीत. आमच्या मुलांचे भुकेचे गाणे असे तयार झाले :

दिवस कलला, गाव राहिला दूर,
आई, पोटात कावळ्यांचा सूर!
काव काव काव, कुणी भाकर द्या हो,
काव काव काव, कुणी भाकर द्या!

आणि फिलिप्पाचा हिशेब :

दोनशे दिनार, दोनशे दिनार,
एवढे पैसे कोण देणार?
एकेक घास वाटला तरी
शेवटची रांग उपाशी राहणार!

हे मोठे काव्य नव्हे. पण यातला प्रत्येक शब्द मुलांना समजलेला आहे, म्हणून पाठ करून घ्यावा लागला नाही. शिक्षकाने फक्त चिंधी लावावी तेथे चिंधी लावायची. पूर्ण वस्त्र आपण विणायला बसू नये.

चाल बसवताना क्रम असा ठेवावा : आधी शब्द नुसते बोलायचे, मग टाळीवर बोलायचे, मग गायचे. टाळीवर बोलताना मुले आपोआप केरव्याच्या किंवा दादऱ्याच्या वजनात येतात. ताल सापडला की कोणी तरी मूल सूर लावतेच. चार-पाच मुलांना तीच ओळ गाऊन दाखवायला सांगावी, सर्वांना आवडेल ती ठेवावी. वडोदऱ्याच्या मुलांच्या तोंडी गरब्याची लय येईल, बेळगावकडे एखाद्या कन्नड बडबडगीताची, इंदूर-ग्वाल्हेरकडे ढोलकीची. येऊ द्यावी. चित्रपटाची चाल मात्र घेऊ नये. त्या चालीला तिचे मूळ शब्द चिकटलेले असतात, आणि ऐन उपासनेत मुलांना तेच आठवतात.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मंडळ्यांना या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. आपली पुष्कळ मुले कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. उपासनेतल्या गीतांचे शब्द त्यांना जड जातात. आजीचे शास्त्रवाचन नातवाला पुरते उमगत नाही, हे दुःख अनेक घरांत आहे. संगीतिका रचताना ही मुले मराठी वाचत नाहीत, तर मराठी बोलतात, शोधतात, एकमेकांना सुचवतात. टोपल्यांच्या गाण्यात आम्ही एक ते बारा मोजत गेलो. इतर भाषेच्या शाळेतील मुलांना मराठी अंक त्या गाण्याने पक्के झाले. एखाद्या मुलाला घोळक्यात शाळेच्या भाषेतले वाक्य सुचले, तर तेही राहू द्यावे. मंडळी हसते आणि मूल मोकळे होते.

५. पट्टी आणि आवाज

येथे पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो. पेटी वाजवणारे बंधू आपल्या स्वतःच्या आवाजाला सोयीची पट्टी धरतात. मग खालच्या सुरांत मुले घुमतात आणि वरच्या सुरांत किंचाळतात. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी दोन हा षड्ज धरावा आणि चाल शक्यतो सा ते ध एवढ्यातच फिरवावी. मंद्र पंचमापर्यंत उतरू नये, तार षड्जावर रेंगाळू नये. दोन आवाजांत गाण्याचा मोह टाळावा; सगळ्यांचा एक सूर लागला तरी पुष्कळ.

"आणखी मोठ्याने" हे शब्द शिक्षकाने विसरून जावेत. मोठ्याने म्हटले की मुले ओरडतात आणि सूर सुटतो. "शेवटच्या बाकावरच्या आजीला शब्द कळू देत" असे म्हणावे. मग तोंड नीट उघडते आणि उच्चार स्पष्ट होतो.

आता ज्याचा सूर लागत नाही त्याच्याविषयी. मी जी चूक केली ती टाळण्यासाठी हे नीट वाचा. लहान वयातले बेसूर गाणे हा बहुधा कायमचा दोष नसतो. आपला आवाज आणि ऐकलेला सूर यांची गाठ अजून पडलेली नसते. अशा मुलाला आपला सूर धरायला लावण्यापूर्वी आपण त्याचा सूर धरावा. तो ज्या सुरावर 'आ' म्हणतो तो पेटीवर शोधून काढावा, सगळ्या वर्गाने त्या सुरावर म्हणावे. आपण आणि इतर एका सुरात आहोत ही जाणीव त्याला त्या क्षणी प्रथमच होते. मग तेथून एकेक सूर वर सरकावे. पक्क्या सुराच्या मुलाशेजारी त्याला बसवावे. पुष्कळ मुले अशाने काही आठवड्यांत सुधारतात. काहींना वर्षे लागतात. एखाद्याचे कधीच जमत नाही, त्यानेही गावे. अडखळत बोलणारे मूल वर्गात असेल तर त्यालाही गाण्याची ओळ अवश्य द्यावी. बोलताना अडखळणारी पुष्कळ मुले गाताना अडखळत नाहीत.

६. कामे कशी वाटावीत

ही कसोटीची जागा आहे, आणि ती मुलांच्यापेक्षा मोठ्यांची कसोटी आहे. पाळकसाहेबांचा मुलगा, पंचांची नात, पेटीवाल्यांची पुतणी : मुख्य काम कोणाकडे जाते हे मंडळी बारकाईने पाहत असते. मुलेही पाहतात.

म्हणून निवड शेवटच्या दोन आठवड्यांपर्यंत करूच नये. दर रविवारी निराळ्या मुलाने शिदोरीवाला मुलगा व्हावे, मुलीनेही व्हावे. त्यामुळे सर्वांना सर्व गाणी येतात, ऐन वेळी कोणाला ताप आला तर प्रयोग अडत नाही, आणि शेवटी जो कोणी तो मुलगा होतो त्याचे काम इतरांनी करून पाहिलेले असल्यामुळे हेवा कमी होतो. एकट्याने गाण्याची ओळ दोघातिघांना मिळून द्यावी.

ही गोष्ट निवडण्याचे एक कारण हेही आहे की तिच्यात कितीही मुले सामावतात. आमच्या वर्गात पंचवीस मुले होती. एक शिदोरीवाला, आणि बारा टोपल्या दोघादोघांनी धरायच्या, म्हणजे चोवीस. तीच मुले आधी जमाव होतात, त्यांतलीच दोघे फिलिप्प आणि आंद्रिया. तुमच्या वर्गात आठच मुले असतील तर टोपल्या एकामागून एक त्याच मुलांनी आणाव्यात. मोजणी बारापर्यंत पोचली म्हणजे झाले.

प्रभूचे काम कोणी करावे हा प्रश्न नेहमी निघतो. माझे मत असे की कोणीच करू नये. प्रभूची वचने एखाद्या वडिलांनी व्यासपीठावरून पवित्र शास्त्रातून सरळ वाचावीत आणि त्या वेळी सगळ्या मुलांनी एकाच दिशेला पाहावे. ब्रिटनच्या संगीतिकेतही देवाची वाणी हे पात्र अभिनय करून दाखवायचे नसते, तिचा आवाज ऐकायचा असतो. यात आदर राहतो, आणि कोणा मुलाला दाढी चिकटवण्याची वेळ येत नाही.

७. आठ रविवारांचा बेत

पहिला रविवार वाचनाचा, दुसरा प्रश्नांचा. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी गाण्यांचे शब्द. पाचव्या रविवारी चाली पक्क्या कराव्यात. सहाव्या रविवारी संवाद आणि उभे राहण्याच्या जागा. सातव्या रविवारी कामांची निवड करून सलग एकदा. आठव्या रविवारी चर्चमध्येच, जेथे प्रयोग व्हायचा तेथे, सलग दोनदा. वर्गानंतर चाळीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये. लहान मुलांचे लक्ष त्यापुढे राहत नाही, आणि जेवणाची वेळ झालेली असते. भुकेल्या मुलांकडून भुकेचे गाणे म्हणवून घेणे बरे नव्हे!

संवाद लिहून पाठ करायला देऊ नयेत. प्रसंग सांगावा आणि मुलांना आपल्या शब्दांत बोलू द्यावे. एका दमात बोलता येईल एवढेच वाक्य असावे. दोन-तीन आठवड्यांत बोलणे आपोआप ठरून जाते.

कपड्यांसाठी बाहेर जाऊ नये. घरातली जुनी साडी, उपरणे, पंचा पुरे. टोपल्या भाजीवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणाव्यात. वाद्ये म्हणून पेटी, ढोलकी, टाळ, आणि ब्रिटनची युक्ती स्मरून घरातले पेले, डबे, चमचे. ज्या मुलाला उभे राहून गाण्याची फार लाज वाटते त्याला ताल धरायला द्यावा. पण तो त्याने मागितला तरच, शिक्षा म्हणून नव्हे.

एक वस्तू मात्र खरी असावी : भाकरी. पुठ्ठ्याची नको. खरी भाकरी हातात आली की मूल ती निराळ्या रीतीने धरते.

८. प्रयोगाचा दिवस

सुरुवातीला पाळकसाहेबांनी शास्त्रभाग वाचून प्रार्थना करावी. ही करमणूक नसून उपासना आहे हे मंडळीला तेथेच कळते. पालकांना आधीच विनंती करावी की मोबाईल घेऊन मध्ये उभे राहू नये. मुलाला आईचा चेहरा दिसला पाहिजे, मोबाईलची पाठ नव्हे.

चुका होतील. आमच्या प्रयोगात आठवी टोपली नवव्याच्या आधी आलीच नाही, आणि मोजणारी मुले "सात" म्हणून थांबून राहिली. मंडळीतल्या एका आजीने बाकावरून हाक दिली, "आठ कुठाय रे?" आणि आठवी टोपली धावत आली. कोणाला तो दोष वाटला नाही. अशा वेळी शिक्षकाने बाजूला उभे राहून डोळे वटारू नयेत. मुले मंडळीकडे नव्हे, आपल्या चेहऱ्याकडे पाहत असतात.

शेवटी उपासना संगीतातील उपकारस्तुतीचे एक परिचित गीत सर्व मंडळीने उभे राहून म्हणावे. त्यानंतर प्रीतिभोजन ठेवता आले तर उत्तम. प्रत्येक घराने आपली शिदोरी आणावी आणि एकत्र वाटून खावी. याचा प्रभुभोजनाशी घोटाळा होऊ देऊ नये. हे साधे जेवण आहे. उरलेले अन्न मुलांनी टोपल्यांत गोळा करून गरजवंतांकडे पोचवावे. काही वाया जाऊ नये ही प्रभूची आज्ञाच होती.

पुढच्या रविवारी वर्गात बसून मुलांना विचारावे : आता ही गोष्ट तुम्ही घरी कोणाला सांगाल? हा रविवार गाळू नये. सगळ्या कष्टांचे फळ त्या दिवशी दिसते.

९. शेवटचा शब्द

ज्याला मी ओठ हलवायला सांगितले होते, त्याची मुलगी यंदा आमच्या पंचवीस जणांत होती. "त्या मुलाला स्वतःला खायला मिळालं का" असे विचारणारी मुलगी तीच. तिचाही सूर फारसा लागत नाही. ती पहिल्या रांगेत उभी राहिली आणि मोठ्याने गायली. तिचे वडील आठही रविवार तिला घेऊन आले, तालीम संपेपर्यंत दाराजवळ बसून राहिले, आणि भाजीवाल्याकडून टोपल्या त्यांनीच आणल्या. शेवटच्या गीताला ते उभे राहिले. त्यांनी गायले की नाही हे मी पाहिले नाही. पाहण्याचा मला धीर झाला नाही.

शिक्षकांनो, आपल्या हातांत येणारी शिदोरी लहान असते आणि पुष्कळदा ओबडधोबड असते. ती पुरेल की नाही हा हिशेब प्रभूवर सोडावा. आपले काम मुलाला पुढे आणण्याचे आहे, मागे सारण्याचे नव्हे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आंद्रियाने मुलाला पुढे आणले, पण त्याच्या शिदोरीविषयी शंकाही घेतली. आपल्या वर्गात आपण हे दोन्ही कसे करतो?
२. आपल्या शब्बाथशाळेत नेहमी मागच्या रांगेत उभी राहणारी मुले कोणती? त्यांची नावे आठवा आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा.
३. योहान ६:१-१४ मधील कोणत्या गोष्टी शास्त्रात आहेत आणि कोणत्या आपण ऐकीव म्हणून धरतो? यादी करा.
४. आपल्या मंडळीतील मुले कोणकोणत्या माध्यमांत शिकतात? मराठी गीतांचे शब्द त्यांना कळावेत म्हणून या वर्षी आपण काय कराल?
५. मूल होऊन प्रभूकडे येणे (मत्तय १८:१-५) आणि मुलाने आणलेले स्वीकारणे, यांचा काय संबंध आहे?

प्रार्थना

हे प्रभू, तू लहान मुलाची शिदोरी हातात घेऊन उपकार मानलेस. आमच्या हाती सोपवलेल्या लेकरांकडे पाहताना आम्हाला तुझी दृष्टी दे. आमच्या उतावळेपणाने ज्यांची तोंडे बंद झाली असतील ती तू उघड, आणि आमची क्षमा कर. आमेन.